मंडई मेट्रो स्टेशन: खाली सगळं सरळ, वर आल्यावर काय?

शुक्रवारची_माहेरवाशीण
नमस्कार मंडळी. धाग्याचं निमित्त अगदी घरगुती आहे, पण उत्तरं इतरांच्याही कामाला येतील.

आम्ही चिंचवडला राहतो. माझं माहेर पुण्याच्या शुक्रवार पेठेतलं. वाडा केव्हाच पडला, आता तिथे सहा मजली इमारत आहे. आई (वय ८२) माझ्याकडे असते. दिवाळीच्या आत एकदा तुळशीबागेतल्या रामाला जायचंय, असा तिने हट्ट धरलाय, आणि "येताना मंडईतून भाजी घेऊ". चिंचवडला भाजी मिळते हे तिला मान्य नाही.

२९ सप्टेंबर २०२४ ला सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट हा तुकडा सुरू झाला, तेव्हापासून मी स्वतः चार-पाचदा मेट्रोने मंडईला गेलेय. पिंपरीहून बसलं की अर्ध्या तासात मंडई. खाली सगळं कसं चकचकीत आणि सरळ. पाट्या आहेत, सरकते जिने आहेत, लिफ्ट आहे. वर आलं की मात्र मी, जन्माने पेठेतली बाई, क्षणभर दिशा विसरते. आईला घेऊन तसं उभं राहून चालणार नाही. तिचे गुडघे पाचशे पावलांचे आहेत, त्यापुढे बसायला लागतं.

तर मंडईला उतरावं की कसबा पेठेला? आणि वर आल्यावर कमीत कमी धक्के खात तुळशीबागेत कसं शिरावं?

तिसरी अडचण जरा वेगळी आहे. तिला कोणीतरी सांगितलंय की मेट्रो नदीखालून जाते. तिचं माहेर नारायण पेठेतलं, आणि पानशेतच्या पुराच्या वेळी ती अठरा वर्षांची होती. "मुठेच्या खालून मी जाणार नाही. तिनं एकदा वरून येऊन दाखवलंय, तेवढं पुरे." यावर काय उत्तर द्यायचं ते सुचत नाहीये.

तपकीर_गल्ली
ताई, मंडईलाच उतरा. कसबा पेठ स्टेशन फडके हौदाच्या अंगाला आहे. कसबा गणपती, तांबट आळी, बोहरी आळी, झालंच तर आमच्या गल्लीत वायर-बल्ब घ्यायला यायचं असेल तर ते बरोबर. तुळशीबागेला तिथून आजींना चालवणं म्हणजे छळ.

त्या स्टेशनचं नाव आधी बुधवार पेठ होतं. नावावरून हसणारे हसून घेत होते, मग पाटी बदलली. आमचे जुने गिऱ्हाईक अजून फोनवर "बुधवारला उतरलोय, आता?" असंच विचारतात.

एकेरी_वाहतूक
या निमित्ताने एक गोष्ट लिहितो, जी मेट्रोच्या कौतुकात कुणी बोलत नाही.

पेठांमध्ये राहिलेल्यांना माहीत आहे, शिवाजी रस्ता शनिवारवाड्याकडून स्वारगेटकडे जातो आणि बाजीराव रस्ता स्वारगेटकडून परत येतो. दोन्ही एकेरी. लक्ष्मी रस्ता अलका टॉकीजच्या दिशेला वाहतो, कुमठेकर रस्ता उलटा. म्हणजे आपण मंडईला एका रस्त्याने येतो आणि दुसऱ्या रस्त्याने जातो. स्वारगेटहून बसने निघालात तर बस बाजीराव रस्त्याने येणार, म्हणून शनिपारला उतरायचं आणि गल्लीतून मंडईत यायचं. परत जाताना शनिपारला उभे राहिलात तर संध्याकाळपर्यंत उभे राहाल, कारण स्वारगेटची बस मंडईच्या थांब्यावर, शिवाजी रस्त्यावर. बाहेरगावच्या माणसाला हे समजावून सांगताना मी कागदावर बाण काढून दिलेत.

रिक्षाचं तेच. सरळ रेषेत अर्धा किलोमीटर असलेल्या जागी जायला सगळ्या पेठेला प्रदक्षिणा, आणि वर रिक्षावाल्याचा चेहरा.

स्वारगेटहून निघून सरळ मंडईला आणि त्याच वाटेने सरळ परत, असं जाणारं पेठेतलं पहिलं वाहन म्हणजे ही मेट्रो. (उलट्या दिशेने दुचाकी हाकणारे सोडून. ते आधीपासून सरळच जातात.)

गोची अशी की मेट्रोतून उतरलेला माणूस पुन्हा त्याच बाणांच्या जाळ्यात येऊन पडतो. म्हणून माझा सल्ला, मंडईला उतरल्यावर चाकांचा विचारच करू नका. शिवाजी रस्त्याकडे तोंडसुद्धा करू नका. मंडईच्या दगडी इमारतीच्या कडेकडेने उत्तरेला चला आणि तुळशीबागेच्या मंडईकडच्या तोंडाने आत शिरा. एकही मोठा रस्ता ओलांडावा लागत नाही.

काकू_सदाशिव
वरच्यांचं बरोबर आहे, पण वेळ महत्त्वाची. सकाळी दहाच्या आत जा. एकदा पथारीवाल्यांनी माल मांडला की तुळशीबागेत माणूस चालत नाही, ढकलला जातो. दिवाळीच्या आधीचा रविवार तर विसराच. आणि आईंना सपाट चपला घालू दे, मंडईच्या बाजूला फरशी ओली असते.

नदीचं म्हणाल तर, सांगूच नका. कळत नाही आत बसल्यावर.

ओंकारेश्वराचा_घाट
काकू, असं नको. सांगायलाच पाहिजे.

मी त्या वेळी अकरा वर्षांचा होतो. १२ जुलै १९६१. आमचं घर शनिवारात, ओंकारेश्वरापासून हाकेच्या अंतरावर. सकाळी शाळेच्या तयारीत होतो. पुराचं पाणी आम्ही दर पावसाळ्यात बघायचो, घाटावर जाऊन बघायचो, त्यामुळे आधी कुणी फार मनावर घेतलं नाही. मग लोक पळत यायला लागले, "धरण फुटलं" म्हणत. वडिलांनी आजीला पाठुंगळी घेतलं. दुपारपर्यंत पानशेतच्या मागोमाग खडकवासलाही फुटल्याचं कळलं होतं. आम्ही ज्या गच्चीवर होतो तिथून आमच्या वाड्याची कौलं दिसत होती, नंतर ती दिसेनाशी झाली. चिखल उपसायला किती दिवस लागले ते आठवत नाही, वास मात्र आठवतो.

ज्यांनी ते पाहिलंय त्यांना "कळत नाही आत बसल्यावर" हे सांगून धीर येत नाही. उलट तेच भीतीचं कारण आहे. त्या दिवशीही कळलं नव्हतं.

काकू_सदाशिव
काका, चुकलं माझं. मी लग्न होऊन पुण्यात आले ७८ साली, मी हे फक्त ऐकलंय.

जमिनीखालचा_माणूस
मी स्थापत्य अभियंता आहे, बोगद्यांच्या कामात काही वर्षं काढलीत (या नाही, दुसरीकडे). आजींना सांगता येईल असं सोप्या शब्दांत लिहितो.

मुठेखालून जाणारा भाग सिव्हिल कोर्ट आणि कसबा पेठ या दोन स्टेशनांच्या मधे आहे. सिव्हिल कोर्टचं स्टेशन ३३.१ मीटर खोल आहे, देशातल्या सगळ्यात खोल स्टेशनांपैकी एक. म्हणजे दहा मजली इमारत उलटी जमिनीत घातली तर जेमतेम मावेल. इतकं खोल जायचं एक कारण ही नदीच. नदीचं पात्र वर, त्याखाली काळा पाषाण, आणि बोगदा त्या पाषाणात. आपला दख्खनचा बसाल्ट. पुण्यात विहीर खोदलेल्या कुणालाही विचारा, तो काय चीज आहे ते. आत काँक्रीटच्या कड्या एकमेकींत अडकवत अस्तर केलेलं असतं, म्हणजे विहिरीला आतून बांधून काढतात तसं, फक्त आडवं.

खोदणाऱ्या यंत्रांची नावं मुळा, मुठा आणि पवना ठेवली होती. आजींना ही गंमत सांगून बघा, कदाचित हसतील.

नांदेडकर_पोरगा
माझा प्रश्न वेगळा आहे पण ह्याच धाग्यात विचारतो. मी एमपीएससी करायलोय, खोली पिंपरीत भावाकडं आहे. पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौकात दर पंधरा दिवसाला जावं लागायलंय. मंडईला उतरू का कसब्याला? गुगल दोन्ही सारखंच दाखवतंय.

तपकीर_गल्ली
कसबा. शनिवारवाड्याच्या दिशेने चालत ये.

एकेरी_वाहतूक
मंडई. बाजीराव रस्ता गाठ आणि सरळ वर जा.

तपकीर_गल्ली
काका, बाजीराव रस्त्याला फुटपाथवर दुकानं आहेत का दुकानांत फुटपाथ?

एकेरी_वाहतूक
आणि फडके हौदाशी काय लाल गालिचा आहे?

काकू_सदाशिव
अरे बाळा, या दोघांचं ऐकू नकोस. सिव्हिल कोर्टला गाडी बदल, वरच्या मजल्यावर वनाजची मेट्रो मिळते, एक स्टेशन पुढे महानगरपालिकेला उतर. पूल ओलांडला की शनिवारवाडा, तिथून अप्पा बळवंत. नदीवरचा वारा लागतो तेवढाच. आणि जुन्या पुस्तकांसाठी आधी रस्त्यावरच्या गठ्ठ्यांत बघ, मग दुकानात.

नांदेडकर_पोरगा
काकू, ३३ मीटर वर चढायचं आन परत एक स्टेशन? पन करून बघतो. धन्यवाद.

मंडई_गाळा
आमची तिसरी पिढी मंडईत. वाचत होतो शांतपणे, आता राहवलं नाही.

ही इमारत १८८६ ची. गव्हर्नर लॉर्ड रे याच्या नावाने रे मार्केट म्हणायचे. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या मोकळ्या जागेत उघड्यावर भरायचा. आणि गंमत बघा, मार्केटावर एवढा पैसा घालायला विरोध करणाऱ्यांत जोतीराव फुले होते. नगरपालिकेचे सभासद होते ते. त्यांचं म्हणणं, हा पैसा शिक्षणावर घाला. पुढे त्याच इमारतीला त्यांचं नाव लागलं. आमचे आजोबा म्हणायचे, पुण्यात विरोध करणाऱ्याचं नाव नंतर पाटीवर येतं, थांबायची तयारी पाहिजे.

मेट्रोचं काम चालू होतं तेव्हा आम्ही सहा-सात वर्षं पत्र्यांच्या मागे धंदा केला. धूळ, आवाज, गिऱ्हाईक नाही. २०१९ ला खोदताना मोठमोठी हाडं निघाली, हत्तीची असावीत असं सगळे म्हणत होते. आमच्याकडे आठवडाभर भाजी सोडून हत्तीवरच चर्चा. पेशव्यांचा हत्ती का त्याच्याही आधीचा. खाली काय काय असेल सांगता येत नाही. नानासाहेबांच्या काळात कात्रजहून आणलेलं पाणी या पेठांतल्या हौदांत यायचं, ते नळही जमिनीखालूनच. पुण्याला जमिनीखालून काहीतरी येण्याची सवय जुनीच म्हणायची.

आता खरं सांगतो, मेट्रो आल्याने माणसं वाढली, पण पिशवी लहान झाली. पूर्वी स्कूटरवाला यायचा, पाच किलो कांदे, दोन किलो बटाटे, पुढे पायाशी पोतं ठेवून जायचा. मेट्रोवाला हातात मावेल तेवढंच घेतो. पाव किलो गवार, एक जुडी मेथी, चार लिंबं. पण रोज नवी तोंडं. चिखली, कासारवाडी, दापोडी, ज्या भागातून कधी कुणी यायचं नाही तिथून बायका येतात. मी आता जुड्या लहान बांधतो. आमच्यातल्या काहींना हे अजून उमगलं नाहीये, ते भला मोठा ढीग लावून बसतात आणि "धंदा नाही" म्हणतात.

ताई, आईंना घेऊन याल तेव्हा मंडईच्या आतल्या गाळ्यांवर बसायला स्टूल कुणीही देईल. मागायला लाजू नका.

सातारकर_शेठ
आम्हाला कोन विचारतंय का? आमी साताऱ्याहून एसटीनं स्वारगेटला येतो. पुढचंच स्टेशन मंडई. पूर्वी स्वारगेटला उतरलं की रिक्षावाला मंडईचं नाव काढल्यावर दुसरीकडं बघायचा. आता दहा मिनिटांत मंडईत. जांभळं, वांगी घेऊन येणाऱ्या म्हाताऱ्यासुद्धा शिकल्यात तिकिटाचं मशिन दाबायला.

पण नाशिककडनं येणाऱ्यांचे हाल बघा. शिवाजीनगरचा एसटी स्टँड मेट्रोच्या कामासाठी वाकडेवाडीला नेला तो नेला. खाली झकास स्टेशन झालं, वर स्टँड न्हाई. माझा मेहुणा संगमनेरहून येतो, वाकडेवाडीला उतरून मेट्रो शोधत फिरतो. स्वारगेटवाले नशीबवान म्हणायचे.

पाचवा_मानाचा
गणपतीत मंडळाच्या बंदोबस्ताला होतो, म्हणून एक अनुभव. यंदा (२०२५) सांगत होते की दर्शनाला येणाऱ्यांनी कसबा पेठेला उतरा आणि परत जाताना मंडईहून बसा. आधी आम्हाला वाटलं, कोण ऐकणार. पण वाट तशीच पडली. कसब्याला उतरायचं, पहिला मानाचा कसबा गणपती, मग तांबडी जोगेश्वरी, दगडूशेठ, गुरुजी तालीम, तुळशीबाग, आणि शेवटी मंडईचा शारदा गजानन करून खाली जायचं. केसरीवाडा तेवढा आडबाजूला राहतो. दोन स्टेशनांच्या मधला सगळा भागच जणू एक लांबलचक फलाट.

विसर्जनाला ६ सप्टेंबरच्या सकाळपासून ७ च्या रात्रीपर्यंत सलग ४१ तास मेट्रो चालू होती. मिरवणूक मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून निघते, म्हणजे स्टेशनच्या दारातूनच. रात्री तीन वाजता ताशाच्या आवाजात लोक जिन्यावर पाठ टेकून झोपलेले मी पाहिलेत. खाली ढोल ऐकू येत नव्हता. वर आलं की एकदम अंगावर यायचा.

चाकांवर
मी व्हीलचेअर वापरतो. लिफ्टने वर येईपर्यंत मी इतर कुणाइतकाच स्वतंत्र असतो. दारातून बाहेर पडलो की फुटपाथच्या पहिल्या कठड्यापाशी स्वातंत्र्य संपतं. स्टेशनात पैसा ओतला, मग दाराबाहेरचे पन्नास मीटर कुणाचे? इतकंच म्हणायचं होतं.

एकेरी_वाहतूक
अगदी खरं. पेठेत एकाच रस्त्याला चार मालक आणि फुटपाथला एकही नाही.

२०२१ साली "पुण्यदशम" म्हणून छोट्या बस निघाल्या होत्या, दहा रुपयांत दिवसभर फिरा. स्टेशनाच्या दारातून तशी लहान गाडी पेठांमध्ये घिरट्या घालत राहिली तर तुमचा आणि ताईंच्या आईंचा दोघांचाही प्रश्न सुटतो.

शुक्रवारची_माहेरवाशीण
जाऊन आलो काल! सविस्तर लिहिते, कारण तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून सांगितलंत.

नदीचं मी काकांचं ऐकलं. आदल्या रात्री आईला सगळं सांगितलं. ३३ मीटर, काळा पाषाण, विहिरीसारखं बांधलेलं, यंत्राचं नाव मुठा. ती ऐकत होती. म्हणाली, "पाषाण वर आहे ना? मग बघू." आणि झोपली.

पिंपरीहून सकाळी आठच्या सुमारास बसलो. दापोडी, बोपोडीपर्यंत ती खिडकीतून वरून सगळं बघत होती, कुठे काय होतं ते सांगत. शिवाजीनगरच्या आधी गाडी जमिनीत शिरली आणि ती गप्प झाली. सिव्हिल कोर्टला बरेच लोक उतरले, बाजूची सीट रिकामी झाली, तिने माझा हात धरला. मी मुद्दाम काहीबाही बोलत राहिले, मावशीच्या नातवाची मुंज, दिवाळीचं वाण, चकलीची भाजणी. कसब्याला दारं उघडली तेव्हा म्हटलं, "आई, गेली बरं का नदी."

"मला कळलं होतं," म्हणाली. "तू बडबडायला लागलीस तेव्हाच."

मंडईला लिफ्टने वर. एकेरी_वाहतूक यांच्या सल्ल्याप्रमाणे शिवाजी रस्त्याकडे पाठ करून इमारतीच्या कडेने निघालो. खरंच एकही मोठा रस्ता ओलांडावा लागला नाही. पण मधे दोन ठिकाणी टेम्पोतून माल उतरत होता, तिथे थांबावं लागलं, आणि एका जागी फरशी उखडलेली, तिथे एका फुलवालीने आपणहून आईचा दंड धरला. आईने मोजली होती, तीनशे ऐंशी पावलं. मग ती एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली आणि उरलेली पावलं नंतर.

रामाला पोचलो तेव्हा देवळात पाच-सहा माणसं. काकूंनी सांगितलेली वेळ अचूक होती. तिने प्रदक्षिणा घातली नाही, सभामंडपात बसून राहिली. शिखराकडे बघून म्हणाली, लहानपणी नारायण पेठेतून आजोबांबरोबर यायची तेव्हा तिला वाटायचं, एवढं उंच दुसरं काही नसेलच जगात.

मग मंडई. मंडई_गाळा, तुमचा गाळा कोणता माहीत नाही, पण स्टूल खरंच मिळालं. तिने घासाघीस करून अडीच किलो वांगी, दोन नारळ, एक लाल भोपळा (अख्खा!) आणि अळूची पानं घेतली. मी म्हटलं, मेट्रोने जायचंय. ती म्हणाली, "मग? मेट्रोला वजन होतं का?"

भोपळा मी उचलला. हात अजून दुखतोय.

मंडई_गाळा
ताई, अख्खा भोपळा घेणारं मेट्रोचं गिऱ्हाईक! आईंना नमस्कार सांगा. पुढच्या वेळी फोड कापून देऊ म्हणा.

ओंकारेश्वराचा_घाट
वाचून बरं वाटलं. मी अजून त्या पट्ट्यातून गेलो नाहीये, खोटं कशाला बोला. पुढच्या आठवड्यात बघतो.

शुक्रवारची_माहेरवाशीण
काका, जाताना कुणाला तरी बडबड करायला बरोबर घ्या.

वाकडचा_नवा
सगळी चर्चा वाचली, छान माहिती. शनिवारी फॅमिलीला घेऊन तुळशीबागेत यायचं आहे. मंडईजवळ चारचाकीला पार्किंग कुठे मिळेल?

एकेरी_वाहतूक
पिंपरीला.